सोडलेली एकशे साठ घरं

चिचटोल्याच्या चौकात, भर दुपारी, बावीस वर्षांचा एक शिकलेला मुलगा उकिडवा बसून जमिनीवर पेन गरगर फिरवत होता आणि अर्धं गाव त्याच्याभोवती रिंगण करून उभं होतं. कोणी म्हणत होतं जुगार आहे, कोणी म्हणत होतं चोर शोधायचा आहे. खरं कारण कोणाला सुचलं नाही, आणि सांगितलं असतं तरी कोणी मानलं नसतं. ते एक वैज्ञानिक काम होतं.

पेन फिरवणारा वीरेंद्र बालाघाटच्या कॉलेजात समाजकार्य शिकत होता. त्याच्या ज्योत्स्ना मॅडमकडे लसीबद्दल लोकांचं मत जाणून घ्यायचा मोठा अभ्यास आला होता. मुलांना लस देता का, वेळेवर देता का, देत नसाल तर का नाही, भीती वाटते की विश्वास नाही, असं घरोघर जाऊन विचारायचं होतं. शनिवारपर्यंत चाळीस फॉर्म नीट भरून आणले, तर वर्षभरासाठी त्याला कामावर घ्यायचं मॅडमनी कबूल केलं होतं. नाही आणले तर वारासिवनीला जिजाजींची राइस मिल होती. जिजाजी गेल्या दिवाळीपासून त्याची वाट बघत होते. त्या मिलमध्ये कोंड्याचा इतका धुरळा उडे, की तिथला मुनीम संध्याकाळी आरशासमोर गेला की कोणी वडीलधारं आलं असं समजून हात जोडी.

मॅडमचे नियम कडक होते. गावाच्या मधोमध पेन फिरवायचं. टोक जिकडे जाईल तिकडून सुरुवात. तिथल्या पहिल्या पाच घरांतून चिठ्ठी काढून एक घर धरायचं आणि तिथून पुढे दर पाचवं घर. मधलं घर घ्यायचं नाही. ओळखीचं म्हणून घ्यायचं नाही, चहा चांगला मिळतो म्हणूनही घ्यायचं नाही.

"एक घर इधर का उधर हुआ, तो पूरा गांव रद्द," मॅडम म्हणाल्या होत्या. मॅडम घरच्या मराठीच, पण नियम सांगताना त्या हिंदीत जात. नियमाला हिंदीत जोर येतो, असा बालाघाटात सगळ्याच ऑफिसांचा समज आहे.

गाव वीरेंद्रने स्वतः निवडलं होतं, आणि इथेच त्याचं पहिलं चुकलं. कटंगीकडचं चिचटोला हे त्याच्या मावशीचं गाव. राहायची सोय होईल, जेवायची होईल, लोक ओळखतील, असा त्याने हिशेब केला. निघताना शेजारच्या मोतीलाल बाबूंनी, म्हणजे तहसिलीतून रिटायर झालेल्या आणि सल्ला द्यायच्या कामातून अजून न झालेल्या गृहस्थांनी, त्याला फाटकात अडवून बजावलं होतं, "गावात गेला का पहले कोटवाराले धर. सरपंच पाच वर्षांचा असते, कोटवार जनमाचा." हा सल्ला वीरेंद्रने मानला. मोतीलाल बाबूंचा सल्ला मानून ज्यांचं नुकसान झालं त्यांत त्याचा नंबर बराच खाली लागतो, पण लागतो.

तर पेन. पहिल्यांदा त्याचं टोक तळ्याकडे गेलं. तळ्यात घर नव्हतं. दुसऱ्यांदा ते एका म्हशीच्या पायात गेलं आणि म्हैस त्याच्यावर पाय देऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा ते खालच्या गल्लीकडे वळलं, तेव्हा वरच्या गल्लीतल्या लोकांनी हरकत घेतली की पोराचा हात हलला. वीरेंद्रने हात हलल्याशिवाय पेन फिरत नाही हे समजावून सांगितलं. त्यावर गावचा कोटवार, म्हणजे राखणदार आणि दवंडीवाला, महागू पुढे झाला आणि काठी आपटून म्हणाला, "पेन सरकारी हाय. आता जे झालं ते झालं." पेन सरकारी नव्हतं, पण वाद मिटला.

मग चिठ्ठी. चिठ्ठीत तीन नंबर निघाला. खालच्या गल्लीतलं तिसरं घर सुखरामचं, आणि चौथं शेवंताबाईचं. शेवंताबाई म्हणजे वीरेंद्रची सख्खी मावशी.

आता हे दोन घरांचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुखराम आणि शेवंताबाई यांच्यात एक भिंत होती आणि भिंतीखालून एक नाली होती. नालीचं पाणी कोणी कोणाकडे सोडलं यावर सात वर्षांपूर्वी बोलणं झालं होतं, आणि तेच त्यांचं शेवटचं बोलणं. तेव्हापासून निरोप द्यायचा झाला तर शेवंताबाई गाईला उद्देशून मोठ्याने बोले आणि सुखराम ऐके. सुखरामला उत्तर द्यायचं असलं की तो खोकून मग बैलाशी बोले. दोन्ही जनावरांना गावातली पुष्कळ माहिती होती.

त्या सुखरामच्या ओसरीवर, मावशीच्या डोळ्यांदेखत, गळ्यात ओळखपत्र घालून भाचा जाऊन बसला. चहा प्याला. दीड तास बसला. सुखरामने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर भिंतीकडे तोंड करून आणि गरजेपेक्षा मोठ्या आवाजात दिलं. "हौ, आमच्या घरी सगळ्या सुया टैमावर. लिहा साहेब. अजून इचारा, घाई काय हाये." तिथून उठून वीरेंद्र निघाला आणि मावशीच्या दारावरून, पायरीवर बसलेल्या मावशीसमोरून, पुढच्या तीन घरांवरून सरळ आठव्या घरी गेला. नियम नियम असतो. मावशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, फक्त त्या दिवशी तांदळात खडे फार निघाले.

संध्याकाळी तिने ताट वाढलं. भात होता, लाखोरीची डाळ होती, वांग्याची भाजी होती, काही कमी नव्हतं. पण तिने विचारलं, "अजून भात घेता का?"

वीरेंद्रने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. जन्मल्यापासून त्याला 'तू' म्हणणारी मावशी त्याला 'तुम्ही' म्हणत होती.

"मावशी, तू अशी काहून बोलून राह्यली?"

"साहेब लोकाईले असंच बोलतेत," मावशी म्हणाली. "डाळ देऊ का तुमाले?"

मौसाजी प्रेमलाल शेजारीच जेवत होते. ते फार कमी बोलत. त्यांनी वीरेंद्रकडे पाहिलं आणि इतकंच म्हटलं, "घेऊन घे. उद्या भेटन का नाही सांगता येत नाही."

बुधवारी गावाने त्याला खरा हिसका दाखवला. चिचटोल्यात घरोघर जाणाऱ्या माणसाला एकच गोष्ट माफ नसते, ती म्हणजे घर सोडणं. लग्नाचं बोलावणं असो की बारशाचं, एका टोकाला सुरू केलं की दुसऱ्या टोकापर्यंत दार चुकवायचं नाही. चुकलं तर ते घर तीन पिढ्या लक्षात ठेवतं. सोळा वर्षांपूर्वी एका घरचं साखरपुड्याचं बोलावणं चुकलं होतं. त्या नवरा-नवरीचा मुलगा आता दहावीत आहे आणि ते घर अजून त्याच्या वाढदिवसाला जात नाही. आणि इथे हा मुलगा चार-चार घरं सोडून चालला होता, आणि तेही वर्तुळं काढून, वहीत लिहून.

सोडलेल्या घरांनी ठरवलं की निवडलेल्या घरांना काहीतरी मिळणार आहे. निवडलेल्या घरांनी ठरवलं की आपल्यावर काहीतरी येणार आहे. आणि दोघांनीही वीरेंद्रशी बोलणं बंद केलं. तेवीस नंबरच्या घरी शांताबाई नावाची म्हातारी होती. तिने त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि मग फॉर्म पाहून तोंड मिटलं.

"आजी, तुमच्या नातीला लस दिली का, एवढंच सांगा."

"सांगतो ना. पन माह्या जावेले इचारलं का?"

"त्या बावीस नंबरमध्ये आहेत. त्यांना विचारता येत नाही."

"मंग मलेही सांगता येत नाही," शांताबाई म्हणाली. "तिले सोडून म्या सांगितलं, तं उद्या हळदीकुंकवाले मले कोन बोलावन? तू येशीन का?"

वीरेंद्रने संभाव्यता म्हणजे काय, हे तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. भाताचं शीत दाबून पाहिलं की अख्खा भात कळतो, तसंच हे, असं तो म्हणाला. हा दाखला मॅडमनीच वर्गात दिला होता आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेतला होता. शांताबाईने शांतपणे ऐकलं. "म्हंजे मी शीत," ती म्हणाली. "आन दाबून तू पाहणार."

बुधवार संपला तेव्हा त्याच्याकडे अकरा फॉर्म होते. चाळीस पाहिजे होते. शुक्रवारी मॅडम स्वतः काम बघायला येणार होत्या. जिजाजींचा फोन येऊन गेला. ते म्हणाले की मिलच्या ऑफिसात त्याच्यासाठी पंखा लावून घेतला आहे.

गुरुवारी सकाळी तो महागूला शरण गेला. महागू साठीचा, उंच, गळ्यात तीन रंगांचा गमछा घालणारा माणूस. तीस वर्षं त्याने गावात दवंडी दिली होती, मयतीचा निरोप दिला होता, लग्नाची बोलावणी केली होती, आणि एकही दार चुकवलं नव्हतं. दोन दिवस तो वीरेंद्रसोबत घरं सोडत फिरला होता आणि त्यामुळेच त्याची तब्येत बिघडली होती. "चार दारं सोडून पाचवं आलं का माहे पाय अडतेत," तो म्हणाला. "रात्री झोप नाही."

"महागूभाऊ, एक काम करा," वीरेंद्र म्हणाला. "जी घरं सोडली आहेत, त्या सगळ्यांकडे जा. त्यांना सांगा, कोणाचा अपमान नाही. सगळ्यांचा मान आहे. उद्या मॅडम येत आहेत, शेवंतामावशीकडे बसतील, कोणाला काही बोलायचं असेल तर तिथे या."

महागूचा चेहरा उजळला. "सोडलेल्या घरी? सगळ्या?"

"सगळ्या."

"एकही न सोडता?"

"एकही नाही."

हे सांगून वीरेंद्र समाधानाने फॉर्मवर रेघा मारायला बसला. इथे त्याचं दुसरं चुकलं, आणि हे पहिल्यापेक्षा मोठं होतं. तो बालाघाट शहरात वाढलेला मुलगा. महागूला कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊन मानाचं बोलणं करता येत नाही, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. महागू घरी गेला, आंघोळ केली, बायकोकडून दोन पायली तांदूळ हळदीत पिवळे करून घेतले, धुतलेलं धोतर नेसला आणि निघाला. प्रत्येक सोडलेल्या दारात उभं राहून त्याने ओंजळीत पिवळे तांदूळ दिले आणि म्हटलं, "उद्या दुपारी, शेवंताबाईच्या आंगनात. घरपरत." बुद्ध विहाराकडच्या घरांत अक्षता घेत नाहीत, म्हणून तिथे त्याने हात जोडून तोंडी सांगितलं. बोलावणं तेच.

आणि दारात पिवळे तांदूळ देऊन केलेलं बोलावणं जेवणाचं असतं. ते भाषणाचं नसतं, मॅडमचं नसतं आणि लसीबद्दलच्या मताचं तर नसतंच नसतं. घरपरत म्हणजे घरातली सगळी माणसं. एकशे साठ घरं.

मावशीला हे कळलं ते गुरुवारी चार वाजता, आणि कळवलं ते सुखरामने. तो डोक्यावर एक भलामोठा गंज घेऊन, म्हणजे लग्नातला भात शिजवायचं पातेलं घेऊन, तिच्या अंगणात आला. सात वर्षांत पहिल्यांदा. गंज खाली ठेवून त्याने गाईकडे पाहिलं आणि म्हटलं, "गाय माय, तुह्या घरी उद्या एवढी मोठी पंगत, आन भांडं कुठून आनशीन? हा घे. दोन दिवस परत नको करू."

"पंगत कोनाची?" मावशीने गाईला विचारलं.

"अख्ख्या गावाची. महागू अक्षता देऊन गेला ना. मले नाही भेटल्या, मी पाचव्यात येतो. पन मी येईन."

मावशीने महागूला बोलावणं पाठवलं. महागू आनंदाने आला, आणि त्याचा आनंद पाहून तिला त्याच्यावर ओरडता आलं नाही. मग तिने वीरेंद्रकडे पाहिलं. वीरेंद्र भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर पंखा फिरत होता, मिलच्या ऑफिसातला.

"मावशी, मी जाऊन सगळ्यांना नाही म्हणून सांगतो. चूक झाली म्हणतो."

"अक्षता परत घेते का कोनी?" मावशी म्हणाली. "माह्या दारातून गावाचं बोलावनं झालं. तुमाले लाज नसन, आमाले हाय." ती मौसाजींकडे वळली. "कोठीतला धान काढा. कुटायले टाका आजच."

मौसाजी उठले. "कितीक?"

"घरपरत."

मौसाजींनी कोठीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि धोतर खोचलं. त्या दिवशीचं त्यांचं बोलणं तेवढंच.

शुक्रवारी साडेअकराला ज्योत्स्ना मॅडमची जीप गावात शिरली. मॅडम बारीक चष्म्याच्या, हातात फाइल, पाठ ताठ. त्यांची कल्पना होती की आपण एखाद्या घरी बसू, भरलेले फॉर्म तपासू आणि दोन तासांत परत जाऊ. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबवावी लागली, कारण पुढे माणसंच माणसं होती. प्रत्येकाच्या हातात घरचं ताट आणि लोटा. चुलीवर चार गंज, धुराचा लोट, आणि वाढायला फिरणारा, अंगावर डाळीचे शिंतोडे उडालेला, गळ्यात ओळखपत्र असलेला वीरेंद्र.

"वीरेंद्र, ये क्या है?"

वीरेंद्रच्या हातात डाळीची बादली होती. "मॅडम," तो म्हणाला, "हे ते एकशे साठ आहेत. सॅम्पलमध्ये न आलेले."

"इनको यहां किसने बुलाया?"

"म्यानं," महागू पुढे येऊन अभिमानाने म्हणाला. "एकही दार नाही सोडलं. पाह्यजे तं मोजून घ्या."

मॅडमना खूप काही बोलायचं होतं, हे त्यांच्या चष्म्यावरून दिसत होतं. पण शेवंताबाईने त्यांच्यासमोर पाट मांडला, ताट ठेवलं, आणि चिचटोल्यात ताटावर बसलेल्या माणसाने रागावून बोलायचं नसतं. मॅडम बसल्या. भाताचा पहिला घास घेतल्यावर त्यांचा राग थोडा खाली बसला. लाखोरीची डाळ घेतल्यावर त्यांना आईच्या माहेरची आठवण झाली असावी, कारण त्या एकदम मराठीत आल्या.

समोरच्या पंगतीत शांताबाई, तिला हाताला धरून घेऊन आलेल्या जावेला खेटून बसली होती. दोघी खुशीत होत्या. मॅडमनी सहज विचारलं, "आजी, तुमच्या नातीला लस दिली का?"

परवा ज्या प्रश्नावर तोंड मिटलं होतं, त्याच प्रश्नाला शांताबाईने भाताचा घास हातात धरून सरळ उत्तर दिलं. "दोन देल्ल्या. तिसरी नाही."

"का बरं? भीती वाटली? ताप आला होता?"

"भेव कायचं? ताप येते आन जाते." शांताबाईला प्रश्न विचित्र वाटला. "बोलावलं कोनं? बिन बोलावता कोनाच्या दारी जाते का मानूस?"

पलीकडे बसलेली आशा दीदी, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, गीता ताट ठेवून ताठ झाली. "काकी, म्या ग्रुपवर टाकलं तं होतं. मंगळवारी आंगनवाडीत सुई हाये म्हनून. फुलाचा फोटो लावून."

"मोबाइलवरचं काय बोलावनं असते, बाई? फुलाचा फोटो तं सकाळी पन येते."

"मले पन नाही बोलावलं," जाऊ म्हणाली.

"आमच्या घरी पन कोनी नाही आलं," तिसरी म्हणाली. आणि मग पंगतीत ती गोष्ट भातासारखी वाढत गेली. कोणाला लसीचा राग नव्हता. कोणाला तिच्यात विष आहे असं वाटत नव्हतं. त्यांच्या दारात कोणी आलं नव्हतं, एवढंच. गीता बिचारी रडकुंडीला आली. तिच्याकडे तीन टोले, म्हणजे तीन वस्त्या होत्या आणि पाय दोनच होते. महागूने तिच्याकडे पाहून मान हलवली. "बाई, मले सांगायचं ना. मी रोज रिकामा."

मॅडमनी डाव्या हाताने पर्समधून वही काढली आणि जेवता जेवता लिहू लागल्या. उजव्या हाताने जेवत असताना डाव्या हाताने लिहिलेली ती तीन पानं पुढे त्यांना स्वतःलाच वाचता आली नाहीत, पण त्या दिवशी त्या लिहीत होत्या, आणि वीरेंद्रला तेवढा दिलासा पुरला.

पंगती उठल्या. आणि पाचवी घरं, जी दोन दिवस दारं लावून बसली होती, ती आपणहून म्हणाली, "सगळ्याईले बोलावलं ना? मंग आता ये, इचार." दर घरी जाऊन, दार लोटून, एकेकाला नियमाप्रमाणे विचारत वीरेंद्र फिरला. मॅडम मागे मागे होत्या, रात्री मुक्कामालाही राहिल्या. शुक्रवारी तिन्हीसांजेपर्यंत एकोणतीस झाले आणि शनिवारी दुपारी चाळीसावा. लस न घेतल्याचं कारण लिहायला फॉर्मवर आठ चौकोन छापलेले होते: भीती, अफवा, धर्म, अंतर, असं काय काय. ते सगळे जवळजवळ रिकामे राहिले. सगळ्यांची गर्दी झाली ती शेवटच्या, 'इतर' नावाच्या, बोटाएवढ्या जागेत.

मॅडमनी गठ्ठा तपासला. पुन्हा तपासला. "घर एकही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नियम तुम्ही मोडला नाही. फक्त त्याला जेवू घातलं." मग, मोठी जबाबदारी देताना होतं तसं, त्या हिंदीत गेल्या. "सोमवार से ऑफिस आ जाना. और अगले गांव में खाना नहीं."

वीरेंद्रने जिजाजींना फोन केला. जिजाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पंखा काढायला लावतो.

तुमसरहून येणारी चारची बस पकडायची होती. पिशवी खांद्याला लावून वीरेंद्र मावशीच्या पाया पडायला गेला. ती पायरीवर गंज घासत होती.

"चाल्ले का तुम्ही?" ती म्हणाली.

सगळं गाव बोलायला लागलं होतं, फक्त हे घर नव्हतं. वीरेंद्र उभा राहिला. मग त्याने पिशवी खाली ठेवली, एक कोरा फॉर्म काढला आणि तिच्या खालच्या पायरीवर बसला. हा फॉर्म जमा होणार नव्हता. चौथं घर, शिवाय नातं. त्याने वर नंबर लिहिला, एकेचाळीस.

"पूर्ण नाव?"

मावशीने हात पुसले. पदर नीट केला. घसा साफ केला तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. "लिही," ती म्हणाली. "नीट लिही, गिचमिड नको करू. तुह्या बापासारखं अक्षर हाय तुहं."

एकेक प्रश्न झाला. कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तिने विचार केला, कोणत्याला मौसाजींना आतून बोलावून खात्री करून घेतली आणि परत पाठवलं. चारची बस हॉर्न वाजवत गेली. साडेपाचची होती. बत्तीस प्रश्न संपले तेव्हा वीरेंद्रने तिचा चेहरा पाहिला, आणि कोऱ्या जागेत हाताने तेहतिसावा लिहिला: आणखी काही सांगायचं आहे का?

मावशीला ते वाचून दाखवल्यावर तिने फार विचार केला नाही. "लिही. पोट्टा वाळून राह्यला. ऑफिसात त्याले टैमावर जेवाले देत जा."

वीरेंद्रने लिहिलं. तिने खाली सही केली, एकेक अक्षर दाबून. मग कागद त्याच्या हातातून घेतला, भिंतीजवळ गेली आणि तो वर धरला. या वेळी मध्ये गाय नव्हती.

"सुखराम," ती म्हणाली, "तुह्या फारमावर बत्तीस सवाल होते ना? मोजून घे. माह्यावर तेहतीस हायेत."